रक्तपिपासू पिशाच : सातारा–सांगली परिसरातील लोकसमजुती

मृत व्यक्ती पुन्हा वस्तीत येते आणि जिवंतांचे रक्त, बळ किंवा आयुष्य शोषून घेते, ही समजूत जगातील बहुतेक मानवसमूहांत कोणत्या ना कोणत्या स्वरूपात आढळते. यूरोपात अशा मृताला ‘व्हॅम्पायर’ म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘रक्तपिपासू पिशाच’ किंवा ‘रक्तपिशाच’ असे शब्द योजले जातात. तथापि ते ग्रंथिक असून खेड्यातील बोलण्यात येत नाहीत. तेथे ‘लागीर झाले’, ‘बाहेरचे आहे’, ‘झपाटले’ असे म्हणण्याची पद्धत असून बाधा करणाऱ्याला हडळ, समंध, मुंजा, गिऱ्हा अशी निरनिराळी नावे आहेत. ‘पिशाच’ हा संस्कृत शब्द ‘पिशित’ म्हणजे मांस यावरून आला, अशी पारंपरिक व्युत्पत्ती आहे व अथर्ववेदात पिशाचांना पळवून लावण्याचे मंत्रही आहेत. परंतु लोकसमजुतीतील मराठी भूत क्वचितच मांसभक्षक असते. कृष्णा, कोयना, येरळा व वारणा या नद्यांच्या खोऱ्यांतील सातारा व सांगली हे जिल्हे लोकजीवनाच्या दृष्टीने एकच प्रदेश होत. सांगलीकडील तालुके व सांगली, मिरज आदी विलीन संस्थानांचा मुलूख मिळून १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. या प्रदेशातील भुतांच्या समजुती यूरोपीय व्हॅम्पायरच्या शेजारी ठेवून पाहिल्या, तर साम्यापेक्षा भेदच अधिक बोधक ठरतो.

यूरोपातील कल्पनेचा केंद्रबिंदू म्हणजे मृताचा देह. पूर्व यूरोपातील स्लाव्ह लोकांत व ग्रीकांत ती जुनी असली, तरी पश्चिम यूरोपला तिची ओळख झाली ती ऑस्ट्रियन अंमलाखालील सर्बियातील दोन प्रकरणांमुळे. १७२५ मध्ये किसिल्येव्हो या गावी पेटर ब्लागोयेव्हिच या मृत शेतकऱ्याने आठवडाभरात नऊ जणांचे प्राण घेतले, अशी गावकऱ्यांची तक्रार झाली. प्रेत उकरले, तेव्हा ते न कुजलेले व तोंडाशी ताजे रक्त असलेले दिसले. गावकऱ्यांनी त्यात खुंट ठोकून ते जाळले. १७३१–३२ मध्ये मेद्व्हेजा या गावी असाच प्रकार घडला व योहान फ्ल्यूकिंगर या लष्करी शल्यवैद्याने त्याची रीतसर तपासणी करून अहवाल दिला. सरकारी शिक्क्याच्या या अहवालामुळेच ‘व्हॅम्पायर’ हा शब्द यूरोपभर पसरला. पुढे सम्राज्ञी माराया टेरिसा हिने आपला वैद्य गेरार्ट व्हान स्वीटेन याच्या सल्ल्यावरून १७५५ मध्ये प्रेते उकरण्यास मनाई केली. पॉल बार्बर याने १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या साऱ्याची उकल शवाच्या विघटनक्रियेतून केली आहे : पोटात साठलेल्या वायूंनी प्रेत फुगते, फुप्फुसांतील तांबूस द्रव तोंडावाटे बाहेर येतो, कातडी आक्रसल्याने नखे व केस वाढल्यासारखे दिसतात. गावकऱ्यांनी पाहिले ते खरे होते. त्याचा अर्थ त्यांनी आपल्या समजुतीप्रमाणे लावला. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात १८९२ मध्ये मर्सी ब्राउन या तरुणीचे प्रेत उकरून तिचे काळीज जाळण्यात आले. तिच्या घराण्यात क्षयाने एकामागून एक मृत्यू होत होते. त्याच्या दहा वर्षे आधी, १८८२ मध्ये, रॉबर्ट कॉख याने क्षयाचा जंतू शोधून काढला होता. साहित्यात जॉन पॉलिडोरीची कथा (१८१९) व ब्रॅम स्टोकरची ड्रॅक्युला ही कादंबरी (१८९७) यांनी या ग्रामीण प्रेताला सरदारी वेष चढविला. वटवाघळाशी त्याचा संबंध जोडला गेला तोही उशिरा. रक्तावर जगणाऱ्या वटवाघळांच्या तीनच जाती असून त्या सर्व अमेरिका खंडातील आहेत. या भुतावरून त्यांना नाव मिळाले, वटवाघळावरून भुताला नव्हे.

हे नाव भारतीय भुताला चिकटविण्याचे श्रेय रिचर्ड बर्टन या इंग्रज प्रवाशाकडे जाते. वेताळपंचविशीतील अकरा कथांचे त्याने केलेले स्वैर रूपांतर १८७० मध्ये प्रसिद्ध झाले व त्याच्या नावातच विक्रम राजाच्या जोडीला व्हॅम्पायर आला. इंग्रजी वाचकाला ते सोयीचे झाले, पण शब्द चुकलाच. मूळ कथेतील वेताळ हा शिंशपावृक्षाला लोंबकळणाऱ्या दुसऱ्याच कोणाच्या प्रेतात शिरून बसलेला आहे. तो रक्त पीत नाही. कथा सांगतो, कोडी घालतो आणि शेवटी राजाचा जीव वाचवितो. राजाचा बळी देऊ पाहणारा त्या कथेत एक जिवंत भिक्षू आहे. या कथा काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात कथासरित्सागरात घेतल्या व तो आपल्या ग्रंथाचे मूळ गुणाढ्याच्या बृहत्कथेत असल्याचे सांगतो. गुणाढ्य हा प्रतिष्ठानच्या म्हणजे पैठणच्या सातवाहन राजाच्या पदरी होता व शाई न मिळाल्याने त्याने अरण्यात बसून पैशाची भाषेतील तो प्रचंड ग्रंथ स्वतःच्या रक्ताने लिहिला, अशी आख्यायिका सोमदेवानेच दिली आहे. पिशाचांच्या भाषेतील ग्रंथासाठी रक्त खर्ची पडले ते लेखकाचे! मराठीत सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वेताळपंचविशी आणली व ती घरोघर वाचली गेली.

ग्रंथातील या वेताळापेक्षा गावचा वेताळ निराळा. तो भुतांचा राजा असून शिवगणांत त्याची गणना होते. गावाबाहेर शेंदूर फासलेली एक उभी शिळा व तिच्याभोवती वर्तुळाकार मांडलेले लहान दगड एवढेच बहुधा त्याचे ठाणे असते. भोवतीचे दगड म्हणजे त्याचे सैन्य. स्कॉटिश मिशनरी जॉन स्टीव्हन्सन याने १८३० नंतरच्या दशकात दख्खनमधील अशा दगडी वर्तुळांकडे लक्ष वेधले आणि ही पूजा ब्राह्मणपूर्व असल्याचे मत मांडले. मत वादग्रस्त आहे, वर्तुळे मात्र खरी आहेत. अमावास्येच्या रात्री वेताळ आपल्या सैन्यासह पालखीतून फिरतो व ती मिरवणूक पाहणाऱ्याने वाट सोडावी, असे मानतात. कोकणात वेंगुर्ल्याजवळील आरवली येथे तो वेतोबा या नावाने ग्रामरक्षक झाला आहे. रात्री गावाभोवती फिरून त्याच्या वहाणा झिजतात म्हणून भाविक त्याला मोठाले चामडी जोडे व केळ्यांचे घड वाहतात. गोव्यात आमोणे व लोलये येथे तो बेताळ आहे. भुतांचा धनी गावचा राखणदार व्हावा, यात लोकांना विसंगती वाटलेली नाही. चोरांचा ठाव ठाऊक असलेला माणूस रखवालीला ठेवावा, तसाच हा व्यवहार आहे. देशावर वेताळाला कोंबडे वा बोकड कापतात. येथे रक्त आहे, पण ते चोरून शोषलेले नसून ठरल्या दिवशी ठरल्या मापाने गावाने दिलेले असते. मरीआईच्या सेवेतील पोतराज स्वतःच्या अंगावर आसूड ओढतो, तेथेही देणारा जिवंतच असतो.

यूरोपीय व्हॅम्पायर या प्रदेशात का रुजला नाही, याचे सर्वांत उघड उत्तर म्हणजे दहन. जाळलेला देह थडग्यातून उठू शकत नाही. परंतु तेवढ्याने उत्तर पुरे होत नाही. सांगली–मिरज भागात लिंगायत समाज मोठा असून तो मृतांना पुरतो. गोसावी व नाथपंथीयांतही समाधी देण्याची चाल आहे आणि सर्वच जातींत तान्ह्या मुलांना पुरण्याचा प्रघात आहे. लिंगायतांच्या शिकवणुकीत मरण म्हणजे लिंगैक्य होणे असून त्यांच्यात सुतकही पाळीत नाहीत. परतून येणाऱ्या मृताला त्या विचारात जागाच नाही. इतर हिंदूंत मृताची वाटचाल विधींनी आखलेली असते. दहाव्या दिवशी संगम माहुली, कऱ्हाडचा प्रीतिसंगम किंवा सांगलीजवळचे हरिपूर अशा नदीकाठी पिंड ठेवतात व कावळा शिवण्याची वाट पाहतात. कावळा शिवेना, तर मृताची काही इच्छा राहिली असे समजून नातलग पिंडासमोर उभे राहून मोठ्याने वचने देतात : मुलीचे लग्न करू, म्हातारीला सांभाळू, अमक्याचे देणे फेडू. तरीही न शिवल्यास दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. या साध्या विधीत देशावरच्या भुताचे सगळे रहस्य आहे. त्याला रक्ताची तहान नाही. त्याचे काहीतरी राहून गेलेले आहे.

भुतांची नावेही काय राहून गेले त्यावरून पडली आहेत. मुंज झाली पण सोडमुंज होण्यापूर्वीच वारला, तो मुंजा. तो पिंपळावर राहतो. द्रव्याचा लोभ किंवा आप्तांशी संबंध न तुटता मेला, तो समंध. हा शब्द ‘संबंध’ यावरूनच आला असे मानले जाते. पाण्यात बुडून मेला, तो गिऱ्हा. चकवा केवळ वाट चुकवितो. माळावरून रात्री घरी परतणाऱ्या शेतकऱ्याला तो पहाटेपर्यंत एकाच बांधाभोवती फिरवितो. खवीस हा शब्द अरबी ‘खबीस’ (अमंगळ) यावरून आला, तर जखीण म्हणजे संस्कृत यक्षिणीच. डोह व विहिरींवरील साती आसरा मात्र भुते नव्हेत. त्या जलदेवता असून त्यांचा मान न ठेवणाऱ्याला त्या धरतात.

मृताचे येणे कसे वसुलीसारखे असते, हे गुरुचरित्राच्या विसाव्या अध्यायातील कथेवरून चांगले कळते. सरस्वती गंगाधराच्या या सोळाव्या शतकातील ग्रंथात सांगलीहून जवळच असलेल्या शिरोळ गावच्या एका ब्राह्मण स्त्रीची हकीकत आली आहे. तिची मुले जगत नसत. विचारता तिला कळले, की पूर्वजन्मी तिने शौनक गोत्राच्या एका ब्राह्मणाचे पैसे बुडविले; त्याने जीव दिला व आता तो पिशाच होऊन तिची मुले मारीत आहे. उपाय म्हणून तिला नृसिंहसरस्वतींच्या पादुकांची व औदुंबराची सेवा सांगण्यात आली, आणि मेलेल्याचे उत्तरकार्य करण्यासाठी द्रव्य देण्यासही सांगण्यात आले. स्वप्नात पिशाच अंगावर आले, तेव्हा औदुंबरातळी असलेल्या गुरूंनी तिला पाठीशी घातले आणि पिशाचाशी अक्षरशः तडजोड केली : तिच्याजवळ असेल तेवढे ती देईल, त्यात तुझी गती होईल, मग तू तिला सोडावेस. मुले खाणारे भूत ही जगभर आढळणारी कल्पना येथे सावकाराच्या खात्यात जाऊन बसली आहे. खुंट ठोकणे, प्रेत जाळणे यांना या कथेत वाव नाही. देणे फिटले की पिशाच सुटते आणि बाईही सुटते. नरसोबाची वाडी व पलूसजवळचे औदुंबर ही कृष्णाकाठची दत्तक्षेत्रे बाधा झालेल्यांचे आश्रयस्थान ठरली, त्यामागे अशा कथांचा वाटा मोठा आहे.

सर्वांत भीतिदायक मानली जाणारी भुते मात्र स्त्रियांची आहेत आणि यूरोपीय रक्तशोषकाशी त्यांतल्या त्यात जुळणारे रूपही त्यांचेच. बाळंतपणात वा विटाळात मेलेली स्त्री हडळ होते. अलवंतीण व जखीण ही तिचीच जवळची नावे असून त्यांतील भेद गावोगावी बदलतो. हडळ समोरून देखणी, पण पाठीमागून नुसता सापळा असते. तिचे पाय उलटे असतात. ती विहिरीच्या काठी, चिंचेवर, तिठ्यावर असते. तरण्याबांड गड्याला धरते व तो दिवसेंदिवस वाळत जातो. ओली बाळंतीण व तान्हे मूल हे तिचे दुसरे लक्ष्य. या समजुतींची पहिली पद्धतशीर नोंद करण्याचे काम मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी ए. एम. टी. जॅक्सन यांनी हाती घेतले. त्यांनी खेड्यांतील शाळामास्तरांकडे प्रश्नावली पाठविल्या. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिक येथे त्यांची हत्या झाली, पुढे आर. ई. एन्थोवेन यांनी ही टिपणे १९१४–१५ मध्ये संपादून प्रसिद्ध केली व १९२४ मध्ये त्यांवर आधारित स्वतंत्र ग्रंथ लिहिला. कोकणच्या खंडात शेजारच्या कोल्हापूर संस्थानातील गावांच्या मास्तरांची उत्तरेही आहेत आणि ती कृष्णा–वारणेच्या काठाला सहज लागू पडतात.

त्यांतील एक विधी मुद्दाम सांगण्यासारखा आहे. बाळंतपणात मेलेल्या स्त्रीचे प्रेत नेताना घरापासून मसणवटीपर्यंत वाटेवर राळ्याचे दाणे पेरीत जात आणि उंबऱ्यात किंवा वाटेच्या टोकाशी लोखंडी खिळा ठोकीत. परत यायचे तर तिने ते सगळे दाणे एका रात्रीत वेचले पाहिजेत. राळे मोहरीएवढे बारीक, तेव्हा ते होणे नाही. पूर्व यूरोपातही थडग्यात वा वाटेवर खसखस किंवा बाजरीसारखे बारीक धान्य टाकीत, म्हणजे व्हॅम्पायर ते मोजत बसतो व कोंबडा आरवतो. या दोन प्रदेशांत या विधीची देवघेव झाल्याचा पुरावा नाही. ज्या मृताची भीती वाटते त्याला न संपणारे काम लावून द्यावे, ही युक्ती शेतकरी समाजांना स्वतंत्रपणे सुचली असावी. निवडणे-वेचणे हे घरातील बाईचे नित्याचे काम असल्याने मराठी विधीत ती अधिकच करुण वाटते. जिने जन्मभर धान्य निवडले, तिलाच मेल्यावर राळे वेचायला बसविले.

बाळंतपणात मेलेल्या स्त्रीविषयीची भीती इतकी सार्वत्रिक आहे, की रक्तपिपासू प्रेतापेक्षा तीच मूळची असावी असे प्रस्तुत लेखकाला वाटते. मलाया द्वीपकल्पातील लांगसुइर व इंडोनेशियातील कुंतिलानाक या अशाच स्त्रिया असून त्या बाळंतिणीचे व मुलांचे रक्त पितात, असे मानतात. मेक्सिकोतील ॲझटेक लोक बाळंतपणात मेलेल्या स्त्रियांना वीरगतीचा मान देत, पण त्याच स्त्रिया ठराविक दिवशी चव्हाट्यावर उतरून मुलांना बाधा करतात असेही मानीत. मेसोपोटेमियातील लमाश्तू ही गर्भिणी व अर्भकांची वैरीण. ती मृत स्त्री नसून देवतावर्गातील आहे, परंतु तिच्याविरुद्धचे ताईत बाळंतिणीच्या खोलीतच लागत.

या भीतीला वास्तवाचा आधार होता. बाळंतपणानंतरचा सूतिकाज्वर, रक्तस्राव व झटके यांनी बायका मरत आणि त्यांचे कारण कळत नसे. इग्नाट्स झेमेलव्हाइस याने हात धुण्याने सूतिकाज्वर टळतो हे १८४७ मध्ये व्हिएन्नात दाखविले, ते तेथील वैद्यांनाही दीर्घकाळ पटले नाही. नाळ विळ्याने वा हाताला येईल त्या पात्याने कापली जाई. त्यातून होणारा अर्भकाचा धनुर्वात जन्मानंतर साधारण तिसऱ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान उमटतो. सटवाईची पूजा पाचव्या-सहाव्या दिवशी करतात व बाळंतिणीला दहा-बारा दिवस एकटे सोडीत नाहीत, हा हिशेब नेमका त्याच दिवसांशी जुळतो. बाजेखाली विळा किंवा कोयता ठेवणे, दाराला कडुलिंबाचे डहाळे बांधणे, उंबऱ्याशी विस्तव पेटता ठेवणे, धुरी देणे हे उपाय हडळीसाठी म्हणून होते. त्यांपैकी बाळंतिणीजवळ सतत कोणीतरी असणे एवढा एक खरोखर उपयोगी पडत असावा. बाळंतपणानंतर काही स्त्रियांना तीव्र मानसिक विकार होतो. असंबद्ध बोलणे, मुलाला दूर लोटणे ही त्याची लक्षणे ‘हडळीने धरले’ या शब्दांत बसविली जात. मिरजेत विल्यम वॉन्लेस यांचे मिशन रुग्णालय १८९४ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून या भागात दुसरा मार्ग उपलब्ध झाला. तो खेड्यांपर्यंत पोहोचायला मात्र बरीच दशके गेली. २०१८–२० या काळातील नमुना नोंदणीनुसार महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातांचे मृत्यू झाले. पूर्वीच्या मानाने हे प्रमाण इतके खाली आले, की हडळ होण्यासारखे मरण आज क्वचित कोणाच्या वाट्याला येते.

भुतांपासून संरक्षणासाठी या प्रदेशाने आश्रय घेतला तो मुख्यतः मारुतीचा. समर्थ रामदासांनी सतराव्या शतकाच्या मध्यास स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी चाफळचे दोन आणि माजगाव, शिंगणवाडी, उंब्रज, मसूर, शहापूर येथील पाच असे सात सातारा जिल्ह्यात, शिराळा व बहे येथील दोन सांगली जिल्ह्यात व उरलेले दोन (मनपाडळे, पारगाव) कोल्हापूर जिल्ह्यात आहेत. बलोपासनेचा पुरस्कार हा त्यांमागील हेतू सर्वज्ञात आहे. परंतु समर्थांच्याच मारुतिस्तोत्राच्या फलश्रुतीत भूत-समंधांची पीडा नष्ट होईल असे आश्वासन आहे आणि सामान्य माणूस तिन्हीसांजेला ते स्तोत्र म्हणतो तो बहुधा त्यासाठीच. दुसरा मार्ग देवऋषी वा भगताचा. तो ‘झाडा’च्या म्हणजे बाधिताच्या तोंडून भुताचे नाव, गाव व मागणी वदवून घेतो, मग दहीभात, लिंबू, नारळ किंवा कोंबडे यांचा उतारा तिठ्यावर टाकला जातो. वाईजवळील मांढरदेव येथील काळूबाईच्या स्थानी बाधा उतरविण्यासाठी लोक लांबून येतात. तेथील झाडांना काळ्या बाहुल्या, लिंबे व खिळे ठोकलेले दिसत. २५ जानेवारी २००५ रोजी पौष पौर्णिमेच्या यात्रेत तेथे चेंगराचेंगरी होऊन व दुकानांना आग लागून सुमारे तीनशे भाविक मरण पावले. न्यायमूर्ती राजन कोचर यांच्या आयोगाने त्या दुर्घटनेची चौकशी केली व नंतर तेथील पशुबळीवर निर्बंध आले.

मेलेल्यांशी तडजोड करता येते. जिवंत संशयिताशी तशी कोणी करीत नाही. चेटकीण किंवा डाकीण ही भूत नसून गावातलीच बाई असते, बहुधा विधवा, एकटी, वयस्क. ती दृष्ट लावून दुभते जनावर आटविते, मूल वाळविते, उभे पीक करपविते असा आरोप होतो. शेतकऱ्याच्या घरात रक्तापेक्षा दुधाचा हिशेब रोजचा, त्यामुळे शोषणाची कल्पना येथे गोठ्यात येऊन ठेपली. सातारकर छत्रपती व पेशवे यांच्या काळातील कागदपत्रांत चेटूक केल्याबद्दलच्या चौकशीची व शिक्षेची प्रकरणे आढळतात. सत्तेने त्या काळी आरोप खरा धरूनच निवाडे केले. हा दृष्टिकोन पूर्णपणे उलटा झाला तो अगदी अलीकडे आणि त्यामागचा माणूस साताऱ्याचाच होता.

डॉ. नरेंद्र दाभोलकर (१९४५–२०१३) यांचा जन्म साताऱ्याचा. सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात व मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ते साताऱ्यात डॉक्टर झाले. १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली व भुताच्या नावाने चालणाऱ्या छळाविरुद्ध कायदा व्हावा म्हणून दीर्घकाळ प्रयत्न केले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. त्याच महिन्यात राज्य शासनाने वटहुकूम काढला व डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. या कायद्याच्या अनुसूचीतील पहिलीच बाब भूत उतरविण्याच्या बहाण्याने केलेल्या मारहाणीची आहे : दोराने वा साखळीने बांधणे, काठीने वा चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे, चटके देणे. एखादी व्यक्ती करणी करते, जनावरांचे दूध आटविते अशी समजूत पसरवून तिचे जगणे मुश्कील करणे हाही गुन्हा ठरला असून सहा महिने ते सात वर्षे कारावास व पाच ते पन्नास हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. भुते आहेत की नाहीत, याविषयी कायदा काही म्हणत नाही. दाभोलकरांच्या हत्येच्या खटल्यात पुण्याच्या न्यायालयाने १० मे २०२४ रोजी दोघांना जन्मठेप दिली व तिघांना निर्दोष सोडले.

आधुनिक मराठी साहित्यात यूरोपीय वळणाचा रक्तपिपासू आणला तो प्रामुख्याने नारायण धारप (१९२५–२००८) यांनी. त्यांच्या लुचाई या कादंबरीत तो मराठी गावात येऊन वस्ती करतो. परंतु सांगली जिल्ह्याने या विषयावर दिलेली सर्वांत भेदक कथा अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ ही होय. वाळवे तालुक्यातील वाटेगावी १ ऑगस्ट १९२० रोजी जन्मलेल्या अण्णा भाऊंनी तीत पोटासाठी मुंबईला आलेल्या भीमा या धिप्पाड गड्याचे चित्र रेखाटले आहे. खाणीचे काम बंद पडल्यावर तो रात्री स्मशानात जातो आणि मेलेल्यांच्या राखेतून व उकरलेल्या प्रेतांच्या तोंडातून सोन्याचे कण काढतो. प्रेतांवर तुटून पडणाऱ्या कोल्ह्यांशी त्याला झुंजावे लागते. शेवटी एका प्रेताच्या दातांत त्याचा हात अडकतो व दोन बोटे गमवावी लागतात. तो बिछान्यावर असताना खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी त्याच्या कानी येते. सबंध कथेत भूत एकही नाही.